एकनाथचा कोट, रतनसिंगचं बटण

नाना, तुमच्या दुकानाची किल्ली सध्या माझ्याकडे आहे. तुमचा मुलगा पुण्याला परत जाताना देऊन गेला. म्हणाला, "मशीनचं मी बघतो, पण ते कोट तूच बघ गं, मला लहानपणापासून त्या दांडीसमोर उभं राहवत नाही." पन्नाशीला आलेला माणूस! मी हसणार होते पण हसले नाही, कारण मलाही राहवत नाही, आणि तरी तुम्ही गेल्यापासून प्रत्येक रविवारी मी तिथंच जाऊन उभी राहतेय.

आत्ताही तिथंच आहे. सकाळचे दहा वाजलेत, शटर अर्धं वर, तुमच्या स्टुलावर बसून फोनवर टाईप करतेय. तुम्ही म्हणायचात, "एक्सप्रेस, वाक्याला मधे एखादं स्टेशन घेत जा की." नाही घेणार. आज तर मुळीच नाही, कारण मला सांगायचंय खूप आणि थांबले तर रडेन.

तुम्ही गेलात ते मला मेडिकलवाल्याच्या स्टेटसवर कळलं. तुमचा आधार कार्डावरचा फोटो, वर झेंडूचा हार चिकटवलेला. तुम्ही त्या फोटोत चिडलेले दिसता, जणू कुणीतरी तुमच्या कापडाच्या कात्रीने कागद कापलाय. तुमची जन्मतारीख मला माहीत नाही, शिक्षणही माहीत नाही. सुईत दोरा ओवताना तुम्ही श्वास धरायचात आणि दोरा गेला की "आला गं बाबा" म्हणायचात, हे माहीत आहे. आणि आपलं भांडण अर्धवट राहिलंय, हे माहीत आहे.

ग्रुपवर वाचणाऱ्यांना कळावं म्हणून थोडं मागचं सांगते, तुम्ही तेवढं सोडून द्या. नाना म्हणजे आपल्या देवळाली कॅम्पातले शिंपी. दुकान वडिलांपासूनचं आणि काम सगळं मिलिटरीचं. वर्दी आल्टर करणं, नावाच्या पट्ट्या शिवणं, पाठीवरच्या पिठ्ठूचे बंद, पाण्याच्या बाटलीचं कव्हर, ओव्हरकोट. जवान वस्तू टाकून जायचे, वस्तूला सेफ्टी पिनने चिठ्ठी लागायची. चिठ्ठीवर फक्त नाव आणि काम. एकाहत्तर सालच्या हिवाळ्यात युद्ध लागलं, एका रविवारी ऑर्डर आली आणि पोरं गेली. दुकानात नऊ वस्तू राहिल्या. त्यांचे मालक परत आलेच नाहीत, आणि नानांनी पन्नास वर्षांच्या वर त्या दांडीला अडकवून ठेवल्या.

हे मी लोकांना सांगते तेव्हा लोक म्हणतात, वा, काय माणूस. तुम्हाला ते आवडायचं नाही. तुम्ही मला एकदाच खरं सांगितलंत, मी दहावीला गणितात उडाले होते आणि घरी जायला घाबरून तुमच्या कटिंगच्या टेबलाखाली बसले होते तेव्हा. "पोरी, तू नापास झालीस, मी काय केलंय ऐक. त्यांना शनिवारची तारीख दिलेली. शनिवारी आली पोरं, तर म्हटलं सोमवारी या. शिंप्याची सवय. सगळ्यांनाच सोमवार सांगायचो. रविवारी गाडी गेली. डिसेंबरच्या थंडीत ती पोरं कोटाशिवाय गेली माझ्यामुळं." तेव्हा तुम्ही वीस वर्षांचे होतात. हे ऐकताना मी सोळाची होते, मला वाटलं कोट नसल्याने कुणी मरतं का. सरकार दुसरा देतच असेल. तसं म्हणालेही. तुम्ही म्हणालात, "देत असेल," आणि मला अर्धा पाववडा दिलात. मी निकाल विसरले. घरी गेल्यावर आईने आठवण करून दिली.

रविवारची हजेरी मी तेव्हापासून बघतेय. नऊ वाजता अर्धं शटर, चपला बाहेर, तुम्ही दांडीसमोर. एकेक चिठ्ठी बोटाने वर करून नाव वाचायचं. मोठ्याने नाही, समोरच्या माणसाला हाक मारावी एवढ्याच आवाजात. मग थांबायचं. मग "बरं" म्हणायचं आणि पुढची चिठ्ठी. मी विचारलं हे काय, तर म्हणालात, "वडिलांचा नियम. गिऱ्हाईकाचं नाव घेत राहायचं. नाव घ्यायचं सोडलं की वस्तू आपली वाटायला लागते." मला हे पटलं, पण ते "बरं" नाही पटलं. बरं आपण कुणीतरी काही बोलल्यावर म्हणतो ना?

आणि दोन चिठ्ठ्यांना तुम्ही बरं म्हणत नव्हतात. एक एकनाथ, एक रतनसिंग. दोघांचेही ओव्हरकोट, शेजारी शेजारी. तिथं तुम्ही जास्त थांबायचात, कान द्यायचात आणि म्हणायचात, "बघू." मी विचारलं, यांना का नाही? तर तुम्ही मशीनला तेल घालता घालता, अगदी सहज, भाजी महागली म्हणावं तसं म्हणालात, "यांच्याकडून काही येत नाही."

अहो नाना, माझ्या अंगावर काटा आला होता आणि तुम्ही तेल घालत होतात!

मग एकनाथचं घर सापडलं. मीच शोधलं, त्याचा मला केवढा अभिमान होता. तुम्हाला आठवत होतं की तो पोरगा पिंपळगाव बसवंतकडचा, बोलताना "हाय-नाय" करायचा. मी गावागावांच्या ग्रुपवर मेसेज टाकला, आणि चौथ्या दिवशी फोन आला. घर आता पंचवटीत, पण माणसं तीच. एकनाथची बहीण, सिंधूआक्का, नवरा गेल्यावर माहेरी परतलेल्या, भाच्याकडे राहणाऱ्या. एकनाथ बेपत्ता म्हणून सरकारी कागद आलेला, पुढे काहीच नाही. त्यांच्या आईने मरेपर्यंत देवघरात त्याचा टाक, गेलेल्या माणसाचा चांदीचा पत्रा, बसवू दिला नाही. "मेलेला कुणी बघितलाय?" एवढं एकच विचारायची म्हणे.

आपण दोघं रिक्षाने कोट घेऊन गेलो तो दिवस. आक्कांनी कोट मांडीवर घेतला. नुसता हात फिरवत राहिल्या, कॉलर, खांदा, छाती, आणि वरचं पितळी बटण त्यांच्या हातात आलं. ओढलं नव्हतं हो त्यांनी. नुसता हात लागला आणि ते तळहातावर येऊन पडलं. त्यांनी मूठ मिटली आणि म्हणाल्या, "दिलं बघ त्यानं. हातात दिलं." सगळं घर रडलं. मी रडले. तुम्ही रडला नाहीत, तुम्ही बटणाच्या जागेवरचा तुटका दोरा बघत होतात.

त्या बटणाचा आक्कांनी टाक करून घेतला. सोनाराने चांदीची चौकट बसवली, खाली घोडेस्वार कोरला, मधे बटण. सहा वर्षं तो देवघरात होता, आणि सहा धुळवडींना, घरातल्या गेलेल्या माणसाचा टाक वीर म्हणून वाजतगाजत गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, आंघोळीला नेतात तेव्हा, आपण पाहुणे म्हणून गेलो, कारण आक्कांनी आपल्याला मान दिला होता. खोबऱ्याच्या वाटीत टाक, वर लाल कापड, आणि वाटी हातात घेऊन नाचणारा त्यांचा भाचा, सुनीलभाऊ. सहा फुटी माणूस, द्राक्षाचा टेम्पो चालवणारा, मान दिसू नये एवढा जाड. पहिल्याच वर्षी रामकुंडाशी वीराला आंघोळ घातली आणि सुनीलभाऊ थरथरायला लागले. धुळवडीचं ऊन, डांबर वितळतंय, आणि ह्या माणसाचे दात वाजतायत! डोळे पांढरे, आणि तोंडातून हळूच, "ठंड... बहुत ठंड है... कोट..."

लोक हात जोडत होते. वीर अंगात आला म्हणत होते. आक्का म्हणाल्या, "थंडीतच गेला ना माझा भाऊ." मला फक्त एक खटकलं. सगळ्यांचे वीर गंगेकडे तोंड करून होते आणि सुनीलभाऊ पाठ करून. त्यांना बायकांनी धरून वळवलं तर परत फिरले. दरवर्षी तसंच. दरवर्षी त्याच दिशेला. मी फोनमधल्या होकायंत्रात बघितलं, उत्तर दिशा. तुम्हाला म्हटलं तर म्हणालात, "आणि एकनाथ हिंदी का बोलतोय?"

मी म्हटलं, नाना, टेम्पोवाले हायवेवर हिंदीच बोलतात.

"हं," म्हणालात.

आता भांडणाचं. ह्या दिवाळीनंतर मी ठरवलं, नानांच्या वस्तूंचं पेज काढायचं, एकेक फोटो, खाली चिठ्ठीवरचा मजकूर. तुम्ही स्टुलावर, मी टेबलावर मांडी घालून टाईप करतेय, आणि माझी बोटं डोक्याच्या पुढे धावतात हे तुम्हाला माहीत आहे. "एकनाथ. उजवा खिसा फाटला." टाईप केलं. "रतनसिंग. वरचं बटण सैल." टाईप केलं. आणि बोटं थांबली. आयुष्यात पहिल्यांदा.

"नाना, एकनाथच्या कोटाचा खिसा कुणी शिवला?"

"वडिलांनी."

"तुम्ही बघितलं?"

"नाही, मी चिठ्ठी बघून कोट काढला तर खिसा चांगला होता. म्हटलं वडिलांनी उरकलं."

"आणि रतनसिंगचं बटण?"

"ते पण घट्ट होतं. म्हणजे वडिलांनीच..." आणि तुम्ही थांबलात.

कारण सैल बटण आक्कांच्या हातात पडलं होतं. एकनाथची चिठ्ठी लावलेल्या कोटाचं. मी उठले, दांडीवरच्या रतनसिंगच्या कोटाच्या उजव्या खिशात हात घातला. हात खाली गेला, गेला, गेला, आणि बोटं कोटाच्या खालच्या काठातून बाहेर आली. तुमच्या चेहऱ्यासमोर. मला अजून ते दिसतं, कोटाच्या खालून आलेली माझीच बोटं, आणि तुम्ही त्यांच्याकडे असं बघताय जसं ती माझी नाहीतच.

चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. टेबल रिकामं करताना कधीतरी पिना काढल्या असतील, परत लावताना चुकल्या. तुम्हाला वाटलं काम वडिलांनी केलं, वडिलांना वाटलं तुम्ही केलं, दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही, कारण दुकानात काम झालंय का विचारणं म्हणजे संशय घेणं. दोन्ही कामं झालीच नव्हती. आणि पन्नास वर्षं तुम्ही एकाच्या कोटाला दुसऱ्याच्या नावाने हाक मारत होतात.

तुम्ही उठलात. दांडीवर उरलेल्या त्या कोटासमोर उभे राहिलात. तो रविवार नव्हता, हजेरीची वेळ नव्हती. तुम्ही म्हणालात, "एकनाथ."

नाना, त्याचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. पेजसाठी फोन चालूच होता. तुम्ही गेल्यावर मी ते इतक्यांदा ऐकलंय. आधी रिक्षांचे आवाज आहेत, गिरणीची घरघर आहे, कुठंतरी कुकरची शिट्टी. मग तुम्ही "एकनाथ" म्हणता आणि काहीच नाही. गिरणी नाही, रिक्षा नाही. मी श्वास घेतलेलाही ऐकू येत नाही. अकरा सेकंद. मग तुमचा एकदम बारीक आवाज, "बरं." आणि लगेच गिरणी परत. फोन मागचे आवाज कापतो, मला माहीत आहे, मी काय वेडी नाही. पण गिरणी तो आधी का नव्हता कापत?

आणि तुम्ही स्टुलावर बसलात आणि म्हणालात, "एक्सप्रेस, उद्या पंचवटीला जायचं."

"कशाला?"

"सांगायला. तो टाक एकनाथचा नाही म्हणून."

"नाना, डोकं फिरलंय का तुमचं? त्यांचं वय काय, आणि तुम्ही त्यांना सांगणार की तुमचा भाऊ आलाच नव्हता? त्या मरतील!"

"आणि रतनसिंग जिवंत असला तर?"

हे मला सुचलंच नव्हतं. आपल्याला काय माहीत होतं रतनसिंगबद्दल? डोंगराकडचा होता, लाजरा होता, कोट न्यायला आला नाही. बस. न येणं म्हणजे मरणं थोडंच? बदली झाली असेल, विसरला असेल.

"कुठंतरी बर्फात, अंगणात बसला असेल म्हातारा," तुम्ही म्हणालात. "आणि वर्षातून एकदा, फाल्गुनात, कारण नसताना त्याला पाणी ओतल्यासारखं होत असेल. दात वाजत असतील. घरचे विचारत असतील, क्या हुआ बाबूजी. आणि त्याला सांगता येत नसेल. आपण जिवंत माणसाला वीर करून गंगेवर आंघोळ घालतोय, पोरी."

"तुम्ही काहीही बोलता!" मी ओरडले. मी तुमच्यावर कधी ओरडले नव्हते. "होळी होऊ द्या, मग बघू."

"होळीनंतर म्हणजे अजून एक आंघोळ."

"मी नाही नेणार. जायचं तर रिक्षा करून जा एकटे."

मला माहीत होतं तुमच्या गुडघ्याला रिक्षात एकटं चढता येत नाही. माहीत होतं म्हणूनच म्हटलं. तुम्ही पुढे प्रत्येक भेटीत विचारत राहिलात, कधी डोळ्याने, कधी "पंचवटीचा काही फोन?" असं आडून, आणि मी परीक्षा, क्लास, आईचा पाय, काहीही सांगत राहिले. खरं कारण आज सांगते. आक्का मरतील ह्याची भीती नव्हती. ते घर मी शोधलं होतं ना, सगळा गाव मला शाबासकी देत होता, पेपरात बारीक बातमी आली होती. चूक निघाली तर ती माझी पण निघणार होती. म्हणून तुम्हाला अडवलं. आणि होळीला थोडेच दिवस राहिले असताना तुम्ही गेलात.

आई म्हणाली, "तू कशाला मनाला लावून घेतेस, म्हातारी माणसं जातातच." मी तिला काही सांगितलं नाही. पण तुमच्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी हजेरी घेतली. नावं वाचत गेले, थांबत गेले, आणि माझ्या लक्षात आलं की प्रत्येक नावानंतर मी वेगवेगळी थांबतेय. कुठं थोडी, कुठं जास्त. मोजत नव्हते. थांबणं आपोआप संपत होतं, आणि संपलं की माझ्या तोंडून निघत होतं, "बरं." काही ऐकू येत नाही नाना. खरंच नाही येत. पण कधी संपलं ते कळतं.

एकनाथला मी बरं म्हटलं नाही. तिथं थांबणं संपेचना. मी तशीच उभी, पाय दुखायला लागले, आणि मला कळलं की आता मला जायचंय.

धुळवडीला दुपारी कोट पिशवीत घातला आणि सिटी बस पकडली. पंचवटीत डफ, संबळ, हलग्या, सगळ्या गल्ल्यांतून वीर निघालेले, रंगात न्हालेली माणसं. मी ठरवलं होतं की आधी घरी जाऊन, आक्कांना बाजूला घेऊन, हळूहळू सांगायचं. पण माझं तोंड तुम्हाला माहीत आहे. त्या मला रामकुंडाच्या पायरीवरच दिसल्या, सुनीलभाऊ वाटी घेऊन शेजारी, अजून आंघोळ घातली नव्हती तरी त्यांचे खांदे हलायला लागले होते. आणि मी पाच पावलांवरून ओरडले, "आक्का, थांबा, त्याला भिजवू नका, तो एकनाथ नाहीये!"

डफवाला पण थांबला.

मी सगळं एका दमात सांगितलं. चिठ्ठ्या, पिना, बटण, खिसा. आक्का ऐकत होत्या का मला कळेना, त्या नुसत्या माझ्या पिशवीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "काढ."

कोट काढला. त्यांनी तो हातात घेतला नाही. नुसता उजवा हात खिशात घातला. हात गेला खाली, आणि बोटं काठातून बाहेर आली. त्या स्वतःच्या बोटांकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता पडतात. मी धरायला पुढे झाले.

"खिसे फाडायचा," आक्का म्हणाल्या. "सगळ्या चड्ड्यांचे. गोट्या, खिळे, काय सापडंल ते भरायचा. आई लय मारायची. म्हणायची, सरकारचा खिसा पण फाडशील तू." आणि त्यांनी ती बोटं हलवून बघितली, जणू पलीकडून कुणी धरतंय का. "फाडला मेल्यानं."

"आत्या," सुनीलभाऊ दात वाजवत म्हणाले, "म्हंजे मी सहा वर्षं कुणाला नाचवतोय?"

"नाव काय गं ह्याचं?"

"रतनसिंग. नाव सोडून काहीच नाही. तो जिवंत पण असू शकतो, आक्का."

सुनीलभाऊंनी वाटी अंगापासून लांब धरली. "सोडू का गंगेत? सोडतोच."

"जित्या माणसाला पाण्यात सोडतो का रे?" आक्का अशा ओरडल्या की शेजारच्या वीराचं कुटुंब दोन पायऱ्या खाली सरकलं. त्यांनी वाटीतला टाक उचलला, पाण्याचा थेंब पण लागला नव्हता तरी पदराने कोरडा केला, पाठपोट, कडा, बटणाची नक्षी, बाळाचे कान पुसावेत तसा. पुसत असतानाच सुनीलभाऊंचे खांदे थांबले. मी बघत होते नाना, शपथेवर सांगते, बघत होते. ते गंगेकडे वळले, कुणी न वळवता, आणि कपाळावरचा घाम पुसून म्हणाले, "लय गरम होतंय की."

टाक आक्कांनी माझ्या हातावर ठेवला. "त्याचा कोट घरी हाय, घेऊन जा. त्याचं बटण त्याला लाव. आला तर लागंल."

मग त्या पायरीवर बसल्या. मी पण बसले. 

"नानानं यायला पायजे होतं सोता," त्या म्हणाल्या.

"यायचं होतं त्यांना. मी अडवलं."

"का?"

"तुम्ही मराल म्हणून."

"मंग मेले का?"

मला रडू आलं. त्यांनी समजूत काढली नाही. त्या रागावल्या होत्या, अजून असतील, आणि तो राग मी ठेवून घेतला, कारण अर्धा तुमच्या नावाचा होता आणि तुम्ही घ्यायला नव्हतात.

बटण मी काल लावलं. चांदीच्या चौकटीसकट, घोडेस्वारासकट. सुई कितीदा टोचली विचारू नका. दोरा ओवताना श्वास धरला तर खरंच जातो हो, मला वाटायचं तुमचं नाटक आहे. तुम्ही सात टाके घालायचात, मी वीस घातलेत, आता ते बटण मेलं तरी तुटणार नाही. रतनसिंगचा कोट दांडीवर आहे, चिठ्ठी बरोबर लावलीय. मगाशी नाव घेतलं. फार वेळ थांबावं लागलं. बरं म्हटलं की नाही ते सांगत नाही, ग्रुपवर लोक आहेत.

पण त्या दिवशी परत जाताना जे झालं ते तुम्हाला सांगायचं म्हणून हे सगळं लिहिलं. ऊन उतरलं होतं, सगळ्यांचे वीर आंघोळी करून वाजत घरी चालले होते, आणि त्या गर्दीतून आक्का चालल्या होत्या. सुनीलभाऊंच्या हातात नुसती रिकामी वाटी. एकनाथचा कोट आक्कांनी अंगावर घेतला होता, त्या उन्हात, बाह्या हाताच्या खाली गेलेल्या, उजवा हात खिशात. मी मागून. मी विचार करत होते की मी ह्या बाईचं काय केलं, होतं ते काढून घेतलं की नव्हतं ते दिलं, आणि मला ठरवता येत नव्हतं, आत्ताही येत नाही. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी शेजारणी आरतीची ताटं घेऊन उभ्या होत्या. एकीने पुढे होऊन वाटीत बघितलं, मग सुनीलभाऊंकडे बघितलं, मग विचारलं, "अगं बाई, आक्का, वीर कुठंय तुमचा?"

आक्का थांबल्या नाहीत. चालता चालताच म्हणाल्या, "आमच्यात वीर नाय बाई. आमचा माणूस बाहेरगावी गेलेला हाय."